रिमांडला दाखवायला काढलेलं रुलिंग अस्तित्वातच नव्हतं. तालुक्यातल्या वकिलाने नवं लिखाण वाचायचं कसं?

शहादा_ज्युनियर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. सनद घेऊन चौथं वर्ष चालू आहे. शहाद्यात प्रॅक्टिस करते. सरांकडे फौजदारी जास्त, अधूनमधून १३८ (चेक बाउन्स) आणि पोटगी. प्रश्न शेवटी विचारते, आधी काय घडलं ते सांगते. नुसता प्रश्न टाकला तर "मॅडम, वाचन वाढवा" एवढंच उत्तर येणार.

कालचा शनिवार. सर लग्नाला दोंडाईच्याला गेलेले. दुपारी दीडच्या सुमारास एक बाई आणि तिचा दीर ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची माणसं, पावरा आदिवासी. बाईचा नवरा आदल्या दिवशी अटक झालेला. बांधावरून भाऊबंदकीत मारामारी, कुऱ्हाडीचा तुंबा बसून समोरच्याचा हात मोडला, भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२), घातक हत्याराने जबर दुखापत. चार वाजता रिमांडला, म्हणजे कोठडीच्या हुकुमासाठी मॅजिस्ट्रेटसमोर, आणणार होते. दिराला मराठी बऱ्यापैकी येतं. तो म्हणाला, "भावाला मराठी बाजारापुरती येते, मॅडम. भाव विचारायची, पैसे मोजायची."

कोर्टात गेले, वकीलपत्रावर अंगठा घेतला, कागद पाहिले. अटकेच्या फॉर्मवर छापील ओळ होती: अटकेची कारणे मला समजेल अशा भाषेत समजावून सांगितली. खाली डाव्या हाताचा जांभळा अंगठा, अर्धा चौकटीत, अर्धा बाहेर. सोबत 'कारणां'चा एक कागद, तोही छापील. पुन्हा गुन्हा करू नये म्हणून, तपास नीट व्हावा म्हणून, साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून. नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर तेवढा पेनने भरलेला. कुऱ्हाड, बांध, कोणाचा हात, कधी, कुठे, यातलं एक अक्षर नाही. आणि सगळं मराठीत.

मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा ६ नोव्हेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मी ग्रुपवर पाहिला होता. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच जमलं नाही तर तोंडी सांगायची, पण लेखी प्रत रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदेशीर. एवढं माहीत होतं. पण 'पावरी बोलणाऱ्याला मराठी कागद चालत नाही' असं थेट सांगणारं काहीतरी हवं होतं, आणि हातात होता पाऊण तास.

मोबाईलवरच्या एका एआयला विचारलं. दहा सेकंदांत उत्तर. आपल्याच औरंगाबाद खंडपीठाचा २०१९ चा निकाल, पक्षकारांची नावं, क्रिमिनल अर्जाचा नंबर, वर पॅरा १७ मधला उतारा. आदिवासी बोली बोलणाऱ्या आरोपीला मराठीतून दिलेली कारणं म्हणजे न दिलेली कारणं. खोटं कशाला बोलू, वाचून अंगावर शहारा आला. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला उभी राहिले आणि सरांना फोन लावला. मागे बँड वाजत होता. सर ओरडून एकच वाक्य बोलले, "निकालाची नक्कल कुठंय?"

हायकोर्टाच्या साइटवर नंबर टाकला. त्या नंबरावर निघालं ते वाटणीच्या दाव्यातलं कोणाचं तरी प्रकरण. पक्षकारांच्या नावाने शोधलं, काही नाही. पॅरा १७ जगात कुठेच नव्हता. साडेतीन वाजले होते. झेरॉक्सवाला विचारतोय, "किती कॉपी, मॅडम?"

मग मिहिर शहावरच बोलले. एपीपींनी (सरकारी वकिलांनी) छापील ओळीवर बोट ठेवलं, "अंगठा आहे ना?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी आरोपीला मराठीत विचारलं, अटक का झाली माहीत आहे का. तो म्हणाला, "हो." कोणत्या कारणाने? "हो." शेवटी कोर्टातला एक शिपाई, तोही पावरा, पुढे बोलावला. त्याने विचारल्यावर आरोपी दोन मिनिटं सलग बोलला. शिपाई म्हणाला, "साहेब, याला वाटतं भाऊ मेला म्हणून धरलंय."

भाऊ जिवंत आहे. हाताला प्लास्टर आहे.

साहेबांनी हरकत रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) घेतली, आयओचा (तपास अधिकाऱ्याचा) से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला, पीसीआर (पोलीस कोठडी) नाकारून दोन दिवसांचा एमसीआर (न्यायालयीन कोठडी) दिला. हरकत खरी असेल तर एमसीआर तरी कसा, हा माझ्या डोक्यातला किडा अजून वळवळतो आहे.

आता प्रश्न. तालुक्याला बसून नवं लिखाण गाठायचं कसं? माझ्याकडे बारा व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, प्रत्येकावर पहाटे 'लेटेस्ट रुलिंग'चे पीडीएफ. युट्यूबवर दहा मिनिटांत निकाल समजावणारे. मोठ्या लॉ स्कूलच्या पोरांचे ब्लॉग, इंग्रजी असं की तिसऱ्या ओळीला दम लागतो. पैसे भरून घ्यायचे डेटाबेस मला परवडत नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ ला परिपत्रक काढलं, ग्रामीण भागातल्या ज्युनियरला महिना १५ हजार द्यावेत म्हणून. ते परिपत्रकसुद्धा मी पीडीएफमध्येच पाहिलंय. यातलं काय वाचायचं, काय सोडायचं, आणि कोर्टात काय दाखवायचं? आणि 'समजेल अशी भाषा' म्हणजे काय, माणूस निरक्षर असेल आणि त्याच्या बोलीत कोणी कागद लिहीतच नसेल तर, यावर कोणी काही लिहिलंय का?

---

जळगाव_कोर्टनाका

ताई, तुम्ही झेरॉक्सच्या दुकानातच थांबलात, नशीब समजा. न्यूयॉर्कचा वकील थांबला नाही. २०२३ मध्ये तिथे विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल दाखल केले, कोर्टाने ५ हजार डॉलर दंड ठोकला. आणि हे काही परदेशातलं कौतुक नाही. आपल्या मुंबई हायकोर्टासमोर ऑक्टोबर २०२५ मध्ये आयकराचं प्रकरण आलं, त्यात खुद्द कर अधिकाऱ्याच्या आदेशातच तीन निकाल असे होते की जे नव्हतेच. आदेश रद्द झाला. केरळ हायकोर्टाने तर जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरणच काढलं, निकाल ठरवायला वा लिहायला ते वापरायचं नाही म्हणून.

आमच्या बार रूममध्ये एक जण म्हणे, मी एआयलाच विचारतो, "हा निकाल खरा आहे का?" ते म्हणतं, हो. आता चोरालाच पंच केल्यावर पंचनामा कसा होणार? मन्हं काय चुकनं, असं वर परत विचारतो.

---

अमळनेरचा_म्हातारा_वकील

बेटा, चाळीस वर्षं झाली या धंद्यात. तुझ्या सरांनी जे एक वाक्य विचारलं, तेच माझ्या सरांनी मला १९८६ साली विचारलं होतं. तेव्हा एआय नव्हतं, टाचणवही होती. मी दुसऱ्या वकिलाच्या टाचणातून सायटेशन उचललं, निघालं भलतंच. त्यामुळे खोटं रुलिंग हा नवा रोग नाही. फक्त पूर्वी खोटं सापडायलासुद्धा मेहनत लागायची.

तुझ्या मुद्द्यावर येतो. तुला जे हवं होतं ते आहे, आणि ते २०१९ चं नाही, १९६२ चं आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, एआयआर १९६२ सुप्रीम कोर्ट ९११. प्रतिबंधक स्थानबद्धतेतला माणूस. कारणं इंग्रजीत दिली, त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदीत मागितली. सरकार म्हणालं, तोंडी समजावून सांगितलंय की. सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही आणि त्याला सोडलं. हे कुठे सापडतं? घटनेच्या कोणत्याही बऱ्या टीकाग्रंथात अनुच्छेद २२ उघड, तळटीपेत असतं. आमच्या बारच्या लायब्ररीत वाळवीने कडा खाल्लेली प्रत आहे, तिच्यातसुद्धा आहे.

पण आनंदाने लगेच पळू नकोस. निकाल पूर्ण वाच. त्यात कोर्ट म्हणतं की त्याला समजेल अशा भाषेत, आणि तो साक्षर असेल तर त्याला वाचता येईल अशा लिपीत. 'साक्षर असेल तर' हे तीन शब्द तुझा एपीपी उचलणार. तुझा माणूस निरक्षर, मग लिपीचा प्रश्न संपला, तोंडी पुरे, असं म्हणणार. दुसरं, तो निकाल अनुच्छेद २२(५) वर आहे, स्थानबद्धतेवर. तुझं प्रकरण २२(१), म्हणजे साधी अटक, आणि बीएनएसएसचं (नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४७. हे अंतर तू आधी सांगितलंस तर साहेब ऐकतील, एपीपीने सांगितलं तर तू बसशील.

आणखी एक कागद समोर येईल त्याची तयारी ठेव. १४ ऑगस्ट २०२५ चा कर्नाटक राज्य विरुद्ध दर्शन, तो सिनेनट. तिथे कोर्टाने म्हटलं की लेखी कारणं दिली नाहीत एवढ्यावर अटक आपोआप बेकायदा होत नाही, नुकसान काय झालं ते दाखवा. मिहिर शहा नंतरचा, पण दोन्ही बेंच दोन-दोन न्यायमूर्तींचे. ही ओढाताण मला कुठे कळली? एका लेखात. तो लेख मी कोर्टात दाखवला नाही आणि कधी दाखवणारही नाही. पण समोरचा कुठून येणार हे त्या लेखाने मला आदल्या रात्रीच सांगितलं. टीकाग्रंथ, लेख, ब्लॉग, सगळ्यांचा उपयोग एवढाच, की कपाटाचा कोणता खण उघडायचा ते कळतं. आत हात आपणच घालायचा.

आणि तुझ्या बाबतीत नुकसान दाखवायला शिपायाचं ते वाक्य पुरे आहे. भाऊ मेला असं समजून जो माणूस रात्रभर लॉकअपमध्ये बसला, त्याला कारण कळलं होतं असं कोण म्हणेल? ते रोजनाम्यात आलं का? नसेल तर प्रतिज्ञापत्र कर. ते राहिलं तर बाकी सगळी विद्वत्ता फुकट.

पैशांचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाचे रिपोर्ट जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या त्यांच्या साइटवर फुकट आहेत, हरिकिसनसकट जुनेही. बऱ्याच निकालांचं मराठी भाषांतर मिळतं. ते मशीनचं असतं, समजायला वाच, दाखवायला इंग्रजी प्रतच घे. आमच्या काळी एका निकालासाठी रात्रीची गाडी पकडून चाळीसगाव, कन्नडचा घाट, औरंगाबाद, असं जावं लागायचं. घाटात गाडी बंद पडली की तारीख गेली.

एक चूक माझीही सांगतो. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५बीचं प्रमाणपत्र. २०१४ ला अन्वरचा निकाल आला, प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा नाही. मधे दुसऱ्या एका निकालाने ते ढिलं केलं आणि मी त्या ढिल्या निकालावर एक सीडी दाखल करून निर्धास्त बसलो. जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी खोतकर विरुद्ध गोरंट्याल मध्ये पुन्हा घट्ट केलं. जालन्याच्या निवडणुकीचं प्रकरण, म्हणजे आपल्याच खंडपीठातून वर गेलेलं, आणि मला सहा महिन्यांनी कळलं. सीडी गेली. आता तेच नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आलंय, प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही. धुळ्या-जळगावला तो तज्ज्ञ कोण, हे मला अजून एकाही लेखकाने सांगितलेलं नाही.

---

धुळे_विधी_शिक्षक

वरच्या काकांशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्क्यांवर बोलतो, कारण लेख लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे आणि 'लेख कोर्टात दाखवायचा नसतो' हे वाक्य मला थोडं बोचतं.

आधी ताईंच्या कागदाविषयी, कारण त्यात एक गंमत आहे जी मराठीतच दिसते. मे २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालात सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, 'रीझन्स ऑफ अरेस्ट': पुन्हा गुन्हा होऊ नये, पुरावा नष्ट होऊ नये, वगैरे, जे कोणत्याही आरोपीला लागू पडतं. दुसरं, 'ग्राउंड्स ऑफ अरेस्ट': याच माणसाविरुद्ध नेमकं काय आहे ते, जे वाचून त्याला रिमांडला विरोध करता येईल, जामीन मागता येईल. ठाण्यातल्या मराठीत दोन्हींना एकच शब्द, 'कारणे'. त्यामुळे छापील रीझन्सचा कागद देऊन 'कारणे दिली' असं लिहिलं की शब्दशः खोटं ठरत नाही. ताईंच्या हातात जो कागद आला तो नेमका हा आहे. भाषेच्या मुद्द्याआधी हा मुद्दा घ्या. त्याला पावरी लागत नाही, नुसता कागद वाचून दाखवायचा. कुऱ्हाड कुठे आहे यात, एवढं विचारायचं. मी विद्यार्थ्यांना सांगतो, 'ग्राउंड्स'ला 'आधार' म्हणा, निदान दोन शब्द तरी होतील.

आता लेखांबद्दल. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली होती, ती फिरवली. पुढच्या वर्षी चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. दोघं दिल्लीचे, दोघं पुण्याचे. कुठल्याही न्यायालयात ते 'ऑथॉरिटी' नव्हतं. पण त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ ला कायदा बदलला, पुरावा अधिनियमात ११४-अ आलं (कोठडीतल्या बलात्कारात बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने तेच गृहीत धरायचं). काकांना एवढंच म्हणायचंय की खण दाखवणारे लेख असतात तसे कपाटच हलवणारेही असतात.

यातल्या वसुधाताईंचं नाव मी मुद्दाम घेतलं. अक्राणीतले (म्हणजे धडगाव तालुक्यातले) आदिवासी आणि कायदा यांचा संबंध त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासला. म्हणजे ताई, तुमच्या कोर्टाच्या वरच्या डोंगरावर बसून कायद्याचा अभ्यास झालेला आहे. आमच्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कचा वकील माहीत असतो, हे माहीत नसतं.

काय वाचायचं याला माझी कसोटी साधी. लेखकाने निकालाचे पॅरा नंबर दिलेत का? विरुद्ध जाणारा निकाल सांगितलाय का? तारीख काय? नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा लेख या विषयावर अर्धा बाद. तिन्हींना 'हो' आलं की मग त्याचं इंग्रजी कितीही जड असो, डिक्शनरी घेऊन बसायचं. 'लेटेस्ट रुलिंग'च्या पीडीएफला पहिल्याच प्रश्नाला 'नाही' येतं. ते ग्रुप म्यूट करा, हरकत नाही.

निरक्षर आणि लिपी नसलेली बोली, यावर नेमका निकाल किंवा चांगला लेख माझ्या वाचनात नाही. ज्यांनी लिहायचं ते विमानतळाच्या जवळ राहतात.

---

धडगाव_गुरुजी

मी वकील नाही, प्राथमिक शिक्षक आहे, स्वतः पावरा. एका मित्राने लिंक पाठवली म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे 'लिपी नसलेली बोली' म्हणताय. पावरी देवनागरीत लिहिता येते. आम्ही मोबाईलवर रोज लिहितो, लग्नाची निमंत्रणं टाकतो, भांडतोसुद्धा. अडचण लिपीची नाही. अडचण ही की ठाण्यात लिहिणाऱ्याला ती येत नाही. अन् एक सांगू का, ठाण्यात आमच्या बोली बोलणारा एखादा शिपाई बहुतेक वेळा असतोच. त्याला कोणी विचारत नाही, कारण फॉर्मवर त्या शिपायाच्या सहीची जागा नाही. 'हे मी याला याच्या बोलीत सांगितलं' अशी एक ओळ आणि सांगणाऱ्याचं नाव असतं, तर उद्या कोर्टात त्याला बोलावून विचारता आलं असतं की काय सांगितलंस.

आणि 'हो'बद्दल. आमची माणसं मोठ्या साहेबासमोर, काही कळलं नाही तरी 'हो' म्हणतात. पहिलीतली पोरंही म्हणतात. समजलं का? हो. काय समजलं? हो. मला पहिल्या वर्षी वाटायचं पोरं हुशार आहेत.

भिल्ली, पावरी, मावची, कोकणी (कोकणा आदिवासींची), सगळं एकच नाही हेही लक्षात ठेवा. मावची बोलणारा शिपाई उभा करून पावऱ्याला समजावलं तर कागदावर 'आदिवासी भाषेत सांगितले' असं येईल, आणि ते दिसायला खरं दिसेल.

---

शहादा_ज्युनियर

सगळ्यांचे आभार. काका, गुरुजी, खास तुमचे.

काय झालं ते सांगते. सोमवारी आयओचा से आला. त्यात लिहिलं, 'आरोपीस स्थानिक भाषेत समजावून सांगितले.' गुरुजी, तुमचं वाचलं नसतं तर मी त्या ओळीवरून तशीच पुढे गेले असते. मी विचारलं, कोणती स्थानिक भाषा आणि कोणी सांगितलं? आयओ एपीपींकडे पाहायला लागले. शिपायाचं वाक्य रोजनाम्यात आलेलं नव्हतं, काकांची भीती खरी ठरली. मग दिराचं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात बाईंनी सांगितलेलं एक जास्त निघालं. लॉकअपमध्ये त्याने रात्रीचं जेवण घेतलं नव्हतं, भाऊ गेला तर सुतकात कसं जेवणार म्हणून.

हरिकिसन ई-एससीआरवरून काढला, पूर्ण वाचला, 'साक्षर असेल तर'च्या खाली पेन्सिलने रेघ मारली, आणि २२(५) वरचा आहे हे पहिल्या वाक्यात सांगून टाकलं. एपीपी दर्शनवर आले. तेही आदल्या रात्री वाचलं होतं. आणि सरांनी (लग्नाहून परत, आवाज बसलेला) तो छापील कागद साहेबांसमोर धरून फक्त एवढं विचारलं की यात कुऱ्हाड कुठे आहे. धुळ्याचे सर, हे तुमचं. सरांना मी सांगितलं नाही की हे वाक्य फोरमवरून आलंय.

साहेबांनी अटक बेकायदा ठरवली नाही. ठरवली असती तर इथे पेढे टाकले असते. जामीन दिला, पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर. आदेशात मिहिर शहाचा उल्लेख आहे, पण 'कारणांचा कागद पुरेसा तपशीलवार नाही' एवढाच, भाषेवर एक शब्द नाही. नक्कल मागितली आहे. सेशन कोर्टात जायचं का यावर सर आणि मी रोज वाद घालतो. सर म्हणतात माणूस सुटला, आता कशाला? अशील म्हणतो पपईची तोड आली आहे, तारखेला यायला जमणार नाही.

दोघांचं बरोबर आहे. तरी नक्कल हातात आली की मी मुद्दे काढायला बसणार आहे. गुरुजी, मावची आणि पावरीतला फरक मला प्रतिज्ञापत्रात मांडायचा झाला तर एखाद्या रविवारी धडगावला आले तर चालेल का? सकाळच्या एसटीने येईन.